अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचं सगळ्यात ऐतिहासिक वर्ष कोणतं?

तुम्ही विचारलंय की एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, ही पुरुषांची स्पर्धा, म्हणजे हल्ली जिला 'मार्च मॅडनेस' म्हणतात ती, 1939 पासून चालू आहे, तर त्यातलं एकच वर्ष निवडून वाचायचं झालं तर कोणतं निवडावं?

बहुतेक जण 1966 सांगतील. त्या वर्षी अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले आणि केंटकीच्या संपूर्ण गोऱ्या संघाला 72-65 असं हरवलं. त्यावर सिनेमाही निघाला, त्यामुळे ती गोष्ट सर्वतोमुखी झाली. माझं मत मात्र 1963 ला. तेव्हा स्पर्धेत 25 संघ असायचे, आज 68 असतात. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा सामना अंतिम फेरीत नव्हे, त्याच्या आठवडाभर आधीच होऊन गेला होता.

मिसिसिपी स्टेट या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या विद्यापीठाचा संघ तेव्हा जबरदस्त होता. 1959, 1961 आणि 1962 अशी तीन वर्षं आपल्या विभागात अव्वल येऊनही हा संघ राष्ट्रीय स्पर्धेला गेला नाही, कारण तिथे कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी गाठ पडली असती. अशा संघाशी खेळायचं नाही असा कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण राज्यात तो मोडायची कोणाची छाती नव्हती. 1963 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉलव्हार्ड यांनी ठरवलं की या वेळी संघ जाणार. राज्यात गहजब झाला. गव्हर्नर रॉस बार्नेट विरोधात, आणि त्यात कोर्टातून मनाई हुकूमही आणला गेला.

मग जे झालं त्याला आपल्या भाषेत गनिमी कावाच म्हणावं लागेल. हुकूम हातात पडायच्या आत प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत पोचले. कॉलव्हार्डही राज्याबाहेर सटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर आधी राखीव खेळाडूंना पाठवलं. शेरीफची माणसं टपून बसली असतील तर त्यांनी यांना धरावं! कोणीच अडवलं नाही, तेव्हा मुख्य खेळाडूंना निरोप गेला, ते आले आणि विमान उडालं. टेनेसीतल्याच नॅशव्हिलला मॅकार्थी भेटले आणि सगळी मंडळी मिशिगनला रवाना झाली.

समोर होता शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा संघ, सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय. पहिल्या फेरीत यांनी टेनेसी टेकला 111-42 असं धुतलं होतं. कर्णधार जेरी हार्कनेसला त्या दिवसांत कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेकडून धमकीची पत्रं येत होती. 15 मार्च 1963, शुक्रवार, ईस्ट लान्सिंग. सामन्याआधी हार्कनेस आणि मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड मैदानाच्या मध्यावर आले, हात मिळवले, आणि फ्लॅशचा असा काही लखलखाट झाला की हा नुसता सामना नाही हे आपल्याला तिथेच कळलं, असं हार्कनेसने पुढे सांगितलं. मिसिसिपीने सुरुवातीलाच 7-0 आघाडी घेतली, पण शेवटी लॉयोला 61-51 ने जिंकली. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. विरोधकांनी एवढं रान उठवलेलं, आणि प्रत्यक्षात काय, तर एक नीटस सामना.

मिसिसिपीच्या मुलांचं कौतुक जरूर करावं, पण हातचं राखून. त्यांना मुळात खेळायचं होतं, हरण्या-जिंकण्याची ईर्षा होती. समाजसुधारणा करायला कोणी निघालं नव्हतं. शिवाय त्यांच्या स्वतःच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. खरी झळ लॉयोलाच्या मुलांनी सोसली, आणि तीही वर्षभर. या गोष्टीत पळून आलेला संघच भाव खाऊन जातो, हे मला जरा खटकतं.

आता अंतिम सामना. 23 मार्च, लुइव्हिल, लॉयोलासमोर सिनसिनाटी, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते. त्यांच्याही पाचांत तिघे कृष्णवर्णीय, म्हणजे मैदानावरच्या दहांत सात. अंतिम सामन्यात हे कधी झालं नव्हतं. गंमत म्हणजे याची फारशी चर्चाच झाली नाही. लॉयोलाचा नेम त्या रात्री साफ बिघडला होता. दुसऱ्या सत्रात ते 45-30 असे मागे पडले, तेव्हा सिनसिनाटीने चेंडू नुसता फिरवत ठेवून वेळ काढायला सुरुवात केली. शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे अमुक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. पण वेळ काढता काढता त्यांचीच लय गेली. लॉयोलाने अंगावर जाऊन बचाव केला आणि एकेक गुण भरून काढला. शेवटी सिनसिनाटीच्या लॅरी शिंगलटनला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायच्या एकेका गुणाच्या फेकी, मिळाले. दोन्ही गेले असते तर खेळ खलास. पहिला गेला, दुसरा हुकला. चेंडू फिरून हार्कनेसकडे आला आणि त्याने 54-54 बरोबरी साधली.

ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरचा जादा वेळ, संपता संपता लेस हंटरचा शॉट हुकला, तो व्हिक राउसने उसळीतच धरून आत घातला. 60-58. लॉयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी 45 मिनिटांत एकही बदली खेळाडू उतरवला नाही, तेच पाच जण शेवटपर्यंत धावत होते. 1966 च्या अंतिम सामन्यात एवढी चुरस नाही. सिनसिनाटीसारखा वेळकाढूपणा तर आता करताच येत नाही. 1985-86 च्या हंगामापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक आलं.