लक्ष लागत नाही म्हणता, पण ते असतं कुठे?

"मॅडम, माझं लक्षच लागत नाही कशात. ऑफिस होतं, घरचं होतं, दिवस संपतो आणि जगले असं काही वाटतच नाही." थोड्याफार फरकाने हे इतक्या जणांकडून ऐकते की एक केस सांगावीशी वाटली, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डोंबिवलीच्या एक ताई, चाळिशीच्या आसपास, रोज लोकलने फोर्टला नोकरीला, घरी मिस्टर, सासूबाई आणि सहावीतली मुलगी. मोबाईलमुळे एकाग्रता गेली असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मोबाईलचा वाटा असतोच, पण मी म्हटलं आधी मला कालची संध्याकाळ सांगा. तर मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती, काय ते आठवेना, भाजी कुठली केली ते पण जरा थांबून आठवलं. मग विचारलं की तेव्हा डोक्यात काय चालू होतं? तर मागच्या महिन्यात एका बारशाला जाऊबाई काय बोलल्या, कोणाकोणासमोर, कुठल्या टोनमध्ये, अगदी त्यांच्या साडीच्या रंगासकट सगळं धडाधड बाहेर आलं.

म्हणजे लक्ष कमी नव्हतंच हो, चांगलं दणकट होतं, फक्त एकाच जागी चिकटून बसलेलं. हे ऐकून त्या गप्पच झाल्या.

2010 साली हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2250 जणांना दिवसभरात मधेच फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि तसं नसताना माणसं कमी खूश होती, गोड विचारात रमलेली पण हातातल्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त खूश नव्हती. तेव्हा ताई काही जगावेगळ्या नव्हत्या.

त्यांना मी एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांचा लक्ष वळवण्याचा व्यायाम दिला, साधारण बारा मिनिटांचा. डोळे उघडे ठेवून एका ठिपक्याकडे बघायचं, त्यांनी किचनच्या टाईलवरचा एक डाग धरला, आणि नुसतं ऐकायचं. आधी एकेक आवाज, पंखा, शेजारचा कुकर, खालची रिक्षा, लांबून जाणारी लोकल. मग पटापट एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, आणि शेवटी सगळे एकदम. बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, त्यांना वाटतं विचार बंद व्हायला हवेत. ताई पण पुढच्या वेळी रडवेल्या होऊन आल्या, "जाऊबाई येतातच मधे." म्हटलं येऊ द्या, हाकलू नका, तो पण एक आवाजच समजा आणि परत पंख्याकडे जा, ते परत जाणं हाच तर व्यायाम आहे.

पण हा व्यायाम म्हणजे दुखलेलं दाबून टाकणं नव्हे, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लागलं होतं ते खरं होतं. म्हणून जाऊबाईंना काय सांगायचं ते आम्ही सेशनमध्ये लिहून काढलं आणि एका रविवारी त्या फोनवर शांतपणे बोलल्या. जाऊबाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही, पण मनातलं बोलून झालं.

दुसरीकडे, मोकळं झालेलं लक्ष कुठे न्यायचं ते ठरवायला लागतं, नाहीतर ते आपसूक रील्सवर जातं. ताईंनी मुलगी निवडली. घरी आल्यावर पर्स ठेवायची, फोन आतल्या खोलीत, चहा होईपर्यंत फक्त तिचं ऐकायचं. काही दिवसांनी मुलगीच म्हणाली, "आई, तू आज नुसतं हं हं नाही केलंस." हे सांगताना ताईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

अर्थात झोपच नीट नसेल, महिनाभर उदास वाटत असेल, किंवा लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल तर फक्त या व्यायामावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन 14416 फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.