खुब्याच्या शस्त्रक्रियेत हाड कोरण्याची हत्यारे कशी असतात आणि ती नवीच हवीत का?

आपण विचारले आहे की, आईंच्या खुब्याचा सांधा पुढील आठवड्यात बदलायचा आहे आणि ‘आधी हाड रीम करावे लागते’ असे डॉक्टर म्हणाले; तर ही हत्यारे कशी असतात, सुतार लाकूड तासतो तसे हाड खरेच तासतात का, आणि दुसऱ्या रुग्णासाठी वापरलेली हत्यारे चालतात की जास्तीचे पैसे भरून नवी मागवावीत. मी नाशिकमध्ये ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ आहे. मी सर्जन नसल्यामुळे आईंना कोणता सांधा योग्य, याविषयी काही सांगणार नाही. मात्र ही हत्यारे तपासणे, धुणे, क्रमाने मांडणे आणि मागितलेल्या मापाचे हत्यार वेळेवर हाती देणे हे माझे रोजचे काम आहे.

होय, बरेचसे काम सुतारकामासारखेच असते आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पहिले हत्यार करवतच असते. (‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ वरून आला आहे आणि सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या 20 शस्त्रांमध्ये करपत्र आहे, हे मला थिएटरमध्ये अनेक वर्षे काढल्यानंतर कळले.) आजच्या विजेरी करवतीचे पाते गोल फिरत नाही, ते काही अंशांतच वेगाने डावीउजवीकडे हलते. त्याने मांडीच्या हाडाची मान, एक्स-रेवर आधी ठरवलेल्या उंचीवर कापली जाते आणि झिजलेला गोळा बाहेर काढला जातो. आम्ही तो गोळा लगेच मोजून ठेवतो, कारण त्याच्या व्यासावरून समोरच्या वाटीचे माप किती निघेल याचा अंदाज येतो.

आता आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला रीमर. आपल्याकडे या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. कमरेच्या हाडातील ती उखळ म्हणजे वाटी, आणि ती कोरणारा रीमर म्हणजे पोलादी पत्र्याचा पोकळ अर्धगोल, ज्याच्या पाठीवर किसणीसारखी भोके आणि प्रत्येक भोकाच्या काठावर उचललेला धारदार दात असतो. नारळाची वाटी खवणीवर फिरवून खोबरे खवतात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की येथे वाटी जागेवर असते आणि खवणी फिरते, तीही विजेरी ड्रिलवर संथ गतीने. निघालेला कीस भोकांतून आत, रीमरच्या पोकळीत जमा होतो आणि तो आम्ही फेकून देत नाही. वाटीच्या तळाशी पोकळ्या किंवा खड्डे असतील, तर रुग्णाच्याच हाडाचा हा कीस त्यांत दाबून भरला जातो.

रीमर एक नसतो, पूर्ण संच असतो, आणि त्यातील मापे एकेक किंवा दोन-दोन मिलिमीटरने वाढत जातात. सुरुवात मुद्दाम लहान मापाने होते. तो आधी सरळ आतल्या दिशेने नेऊन वाटीचा खरा तळ गाठतात, आणि मग कपला, म्हणजे तेथे बसवायच्या कृत्रिम वाटीला, जी दिशा द्यायची त्याच दिशेने, म्हणजे साधारणपणे 40 अंश तिरपे आणि 15 अंश पुढे झुकलेले धरून, मोठमोठे रीमर फिरवत वाटी रुंद करतात. (हे आकडे 1978 साली ल्युइनेक नावाच्या सर्जनने आणि सहकाऱ्यांनी कपच्या दिशेसाठी मांडलेल्या सुरक्षित मर्यादांच्या मधले आहेत. त्या मर्यादेत बसवलेला सांधाही कधी निखळतो, त्यामुळे आज सर्जन त्यांना एकमेव प्रमाण मानत नाहीत.) कूर्चा संपून ठिकठिकाणी रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले की हाड जिवंत आहे असे समजतात आणि तेथे थांबायचे असते. खोबरे खवताना करवंटीचा तपकिरी भाग दिसू लागला की हात आपोआप थांबतो, तसेच हे आहे. पलीकडे पातळ भिंत आणि तिच्यामागे ओटीपोटातील रक्तवाहिन्या असतात.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये होते. शेवटचा रीमर 51 चा फिरवला, तर कप 52 चा बसवतात, हे त्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे प्रेस फिटच की!” अगदी तेच नाव आमच्याकडेही आहे. विनासिमेंटच्या, म्हणजे हाडाला सिमेंटने न चिकटवलेल्या सांध्यात भोक कपपेक्षा किंचित लहान ठेवतात, कप हातोडीने ठोकून आत बसवतात, आणि हाडाच्या लवचीकपणामुळे तो घट्ट धरला जातो. पुढे काही आठवड्यांत हाड त्याच्या खडबडीत पृष्ठभागात वाढून त्याला कायमचे पकडते. सुरुवातीला कप किंचितही हलत राहिला, तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. म्हणून एका मिलिमीटरचे एवढे महत्त्व. अर्थात हा नियम डोळे मिटून लावायचा नसतो, कारण काही कंपन्यांच्या कपचा काठ मुळातच छापलेल्या मापापेक्षा थोडा मोठा असतो आणि तेथे रीमर व कप एकाच मापाचे घ्यावे लागतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाचे ठिसूळ हाड आणि चाळिशीतल्या शेतकऱ्याचे टणक हाड एकसारखे वागत नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. हत्यार नवे आहे की वापरलेले, यापेक्षा ते धारदार आहे की बोथट, हे पाहायला हवे. बोथट रीमर कापत नाही, घासतो. घासण्याने उष्णता वाढते, आणि 1983 साली सशांच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की 47 अंश सेल्सियस तापमान केवळ एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होते. जे हाड पुढे कपला धरणार, तेच भाजले तर उपयोग काय? दुसरे असे की बोथट रीमर टणक बाजूवरून घसरून मऊ बाजूकडे सरकतो आणि वाटी गोल राहत नाही.

हे मी एकदा पाहिले आहे. तेव्हा मी ज्या रुग्णालयात होतो, तेथे वितरकाकडून भाड्याने येणारा संच रात्री अकराला पोहोचला आणि मी तो केवळ मोजून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला लावला. सकाळी 50 चा रीमर फिरू लागला, तेव्हा ओलसर कीस निघण्याऐवजी कोरडी भुकटी निघाली आणि सर्जनांना अंगभार टाकून दाबावे लागले. शेवटी कप नुसत्या दाबावर धरेना, म्हणून दोन स्क्रू घालावे लागले. रुग्ण व्यवस्थित चालू लागला, पण चूक माझी होती. तेव्हापासून संच आला की मी प्रत्येक रीमरचा दात अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहतो. धार असेल तर तो नखात रुततो, नसेल तर घसरतो. ही वडिलांची युक्ती आहे आणि अर्थातच ती निर्जंतुकीकरणाच्या आधी करायची असते.

मांडीच्या हाडाकडील काम वेगळे आहे. तेथे चौकोनी पटाशीने तोंड उघडतात, पोकळीची दिशा शोधतात आणि मग ब्रोच, ज्यांना अनेक जण रास्पही म्हणतात, लहानाकडून मोठ्याकडे ठोकत नेतात. ब्रोच म्हणजे या पोकळीत पुढे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्याच्याच आकाराची कानस. काही दांड्यांसाठी आधी लांब रीमरही फिरवतात. या टप्प्यावर थिएटरमध्ये सगळे गप्प होतात, कारण आता कानाने काम चालते: ब्रोच सैल असेपर्यंत ठोक्याचा आवाज बद्द येतो, आणि तो हाडात सर्व बाजूंनी घट्ट बसला की आवाज चढून टणक होतो. जुन्या नाशकात तांबटांच्या दुकानांवरून गेलेल्या माणसाला आवाजातला असा फरक ओळखू येईल. तेथून पुढचा एक ठोका जास्त झाला, तर मानेलगतचे हाड तडकू शकते आणि मग तारेचा वेढा घालावा लागतो. सिमेंटचा सांधा असेल, तर उलट दांड्याभोवती साधारण दोन मिलिमीटर सिमेंटचा थर राहील एवढी जागा ठेवतात आणि पोकळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घेतात.

राहिला एकाचे दुसऱ्याला वापरण्याचा प्रश्न. बहुतेक रीमर आणि ब्रोच पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेले असतात. ते वापरून झाल्यावर रक्त वाळण्याआधी एन्झाइमच्या द्रावणात बुडवतात, दातांमागे अडकलेले हाडाचे कण ब्रशने आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने काढतात, आणि मग दाबाच्या वाफेत, बहुधा 134 अंशांवर, निर्जंतुक करतात. यात कळीची पायरी धुण्याची आहे, कारण कण तसेच राहिले तर त्यांच्याखाली वाफ पोहोचत नाही. करवतीचे पाते मात्र एकदाच वापरायचे असते आणि त्याचा आग्रह आपण जरूर धरा. एकदाच वापरायचे रीमरही मिळतात, ते वाईट नाहीत. पण केवळ भीतीपोटी त्यांचा खर्च करू नये, असे माझे मत आहे.

त्याऐवजी डॉक्टरांना एवढेच विचारा की संच रुग्णालयाचा स्वतःचा आहे की बाहेरून येणार आहे, आणि बाहेरून येणार असेल तर तो आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचेल का. दुपारी आलेला संच उघडून, मापे जुळवून, एखादा रीमर बोथट निघाला तर तो बदलून घ्यायला आमच्या हाती वेळ असतो. रात्री अकराला आलेल्या संचाबाबत तो नसतो.