बर्मी ‘ए’चं चिन्ह: साठवायचं आधी की नंतर?

प्रश्न असा आहे: बर्मी लिपीत ‘ए’चं चिन्ह अक्षराच्या डावीकडे दिसतं, तरी युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ते व्यंजनानंतर साठवतात. थाई लिपीत मात्र तसलंच चिन्ह व्यंजनाआधी साठवतात. शेजारच्या दोन लिप्यांना दोन न्याय का?

बर्मीचा न्याय आपल्या ओळखीचा आहे. ‘कि’मधली वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवणीत आधी क, मग वेलांटी. बर्मी ‘के’चंही तेच: आधी युनिकोड क्रमांक १००० (क), मग १०३१ (‘ए’चं चिन्ह). ते उचलून डावीकडे बसवणं हे पडद्यावर अक्षरं मांडणाऱ्या प्रणालीचं काम. मुळात ब्राह्मीतच ‘ए’ची रेघ अक्षराच्या डाव्या अंगाला काढत. आपल्या जुन्या पोथ्यांतली पडिमात्रा (अक्षराच्या डावीकडे उभी रेघ काढून दाखवलेली मात्रा) त्याच कुळातली. २००९ साली तिलाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, आणि तीही व्यंजनानंतरच साठवायची.

बर्मीत ‘जमीन’ या अर्थाचा शब्द साठवतात म, र, ए या क्रमाने. डोळ्याला दिसतं नेमकं उलट: सर्वांत डावीकडे ‘ए’, मग ‘म’ला कवेत घेणारा ‘र’, आत ‘म’. हाताने लिहितानाही ‘ए’ आधी काढतात. त्यामुळे झॉजी नावाच्या फॉन्टने दिसतं तसंच साठवायचं ठरवलं आणि म्यानमारभर तोच रुळला. झॉजीतला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये उघडला की ‘ए’ अधांतरी पडतो आणि शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. (चुकीच्या जागी पडलेल्या वेलांटीशेजारी आपल्याकडेही दिसतं, तेच ते.) उलट युनिकोडचा मजकूर झॉजीत पाहिला, तर ‘ए’ आपल्या व्यंजनाच्या उजवीकडे जातो आणि वाचणारा तो पुढच्या अक्षराला लावतो. शोधयंत्राला तर एकाच शब्दाच्या या दोन निरनिराळ्या साखळ्या. अखेर १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून म्यानमार सरकारने युनिकोडकडे वळायचं जाहीर केलं. टंकायची जुनी सवय मात्र मोडावी लागत नाही. विंडोजमध्ये बर्मीचे दोन कळफलक आहेत, एक दिसण्याच्या क्रमाचा, एक उच्चाराच्या. आपल्या रेमिंग्टन कळफलकावर वेलांटी आधी दाबतात, तसंच हे.

आता थाई. वरवरचं उत्तर सोपं आहे. थायलंडचं टीआयएस ६२० हे थाई अक्षरं संगणकात साठवण्याचं प्रमाणक १९८६ सालचं, युनिकोडच्या आधीचं. त्यात टंकयंत्राच्या सवयीनुसार चिन्ह आधी होतं आणि युनिकोडने तो क्रम तसाच उचलला. पण एवढ्यावर थांबलं तर थाईवर अन्याय होईल, कारण त्या लिपीला हाच क्रम मानवतो. बर्मीत ‘र’ किंवा ‘य’ जोडला की तो मुख्य अक्षराला चिकटतो, जोडाक्षर डोळ्याला कळतं. थाईत व्यंजनं सुटी सुटी शेजारी बसतात, ना जोडाक्षर ना मोडलेला पाय. ए, फ, ल, काना या चार चिन्हांचा एक शब्द घ्या. तो ‘फेला’ असा वाचला तर अर्थ ‘काळ, वेळ’ (हा संस्कृत ‘वेला’च, म्हणजे आपली वेळ). ‘फ्लाव’ असा वाचला (‘ए’ आणि काना मिळून ‘आव’) तर गाडीचा आस. लेखन तंतोतंत एकच! उच्चाराप्रमाणे साठवायचं म्हटलं तर ‘ए’ कुठे ठेवणार, ‘फ’नंतर की ‘ल’नंतर? टंकणाऱ्याने आधी अर्थ ठरवायचा, आणि एकसारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे. त्यापेक्षा दिसतं तसं ठेवलेलं बरं, असं माझं मत.

याची किंमत अकारविल्हे लावताना मोजावी लागते. थाई कोशात शब्द व्यंजनाखाली लावतात, त्यामुळे संगणकाला क्रम लावण्याआधी डावीकडच्या पाचही स्वरचिन्हांची पुढच्या व्यंजनाशी अदलाबदल करावी लागते. लाओसच्या लाओ लिपीचंही असंच.

आणि एकदा ठरलेला क्रम बदलतच नाही, असंही नाही. चीनच्या युन्नान प्रांतातली नवी ताय ल्यू लिपी आधी बर्मीच्या पंगतीत होती. वापरणारे प्रत्यक्षात दिसतं तसंच साठवत होते, म्हणून २०१५ मध्ये युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत तिला थाईच्या पंगतीत बसवलं.