दोन फुटी टाकी आणि तीन ‘शार्क’: माझ्या घरी काय झालं ते सांगतो

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दोन फुटी टाकी, त्यात दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल (लांब पंखांचे), एक सकर (काचेला चिकटून राहणारा) आणि तीन ‘शार्क’. एंजलचे पंख कुरतडलेत, एक गोल्डफिश मेला आणि दुकानदार म्हणतो, निळं औषध टाका. माझ्या पहिल्या टाकीत गोल्डफिश सोडले तर हेच मासे होते. तेव्हा आम्ही भांडुपला वन-आरकेमध्ये राहायचो, मुलगी पहिलीत होती आणि तिने वाढदिवसाला मासे मागितले होते. म्हणून उत्तर जरा लांबतंय.

फिल्टर, क्लोरीन, नवी टाकी महिनाभर मुरू देणं यावर लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. आधीच सांगतो, मी पशुवैद्य नाही. पंधरा वर्षं घरात टाक्या आहेत, एवढ्याच भांडवलावर बोलतोय.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक वाक्य: ‘साहेब, मासा टाकी बघून वाढतो.’ स्टेशनजवळच्या दुकानात मला हे सांगितलं गेलं आणि मी ते खरं मानलं. दोन-दोन इंचांचे तीन शार्क घेतले. चंदेरी, चपळ, दिसायला फार देखणे. हा मुळात शार्क नाहीच. मेकाँग नदीतला पंगस आहे हा, हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. नदीत तो चार फुटांपर्यंत जातो. टाकी बघून मासा वाढत नाही. घाण पाण्यात, अपुऱ्या जागेत त्याची वाढ खुंटते, पाठीला बाक येतो आणि तो लवकर मरतो. ‘वाढला नाही’ म्हणून आपण खूश असतो तेव्हा तो आतून संपत असतो.

माझे तर वाढलेही. आठ महिन्यांत सात इंच. बारा इंच रुंदीच्या टाकीत त्यांना नीट वळता येईना. सुरुवातीला त्यांच्यासोबत निऑन टेट्रा नावाचे दहा छोटे मासेही होते, ते रात्रीतून एकेक कमी होत गेले. मी फिल्टर उघडून शोधत बसायचो. शार्कच्या पोटात गेले असतील हे डोक्यातच आलं नाही. हा मासा कळपातला आणि फार घाबरट असतो. अंधारात अचानक दिवा लावला तरी काचेवर जाऊन आदळतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली गल्लीत फटाक्यांची माळ लागली आणि तिन्ही शार्क वेड्यासारखे काचेला धडका देत सुटले. सकाळी एक तळाशी पडला होता, तोंड फुटलेलं. मुलीने विचारलं, त्याला कोणी मारलं? मला उत्तर देता आलं नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण दुकानात मी ‘हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’ एवढं एकच विचारायला हवं होतं.

उरलेले दोन घेऊन बादलीसकट तीन दुकानं फिरलो. मोठे शार्क कुणालाच नको होते. शेजारच्या काकांनी सुचवलं, पवई तलावात सोडून दे. तुम्हालाही कोणी सांगेल. कृपा करून असं करू नका. सकरचंच बघा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोकांनी असाच सोडून दिला आणि आता आपल्याकडच्या कितीतरी तलावांत माजलाय. त्याच्या काटेरी अंगाने मासेमारांची जाळी फाटतात. माझे दोन शेवटी ओळखीतून कर्जतकडच्या एका फार्महाऊसच्या सिमेंटच्या हौदात गेले.

आता तुमचं. टाकी २४ × १२ × १२ इंच असेल तर हिशेबाने ५६ लिटर. खडी, फिल्टर आणि वरची रिकामी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास पाणी उरतं. (खडी-काचेसकट वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जातं, तेव्हा ती टीव्हीच्या युनिटवर असेल तर आधी खाली घ्या.) एवढ्या पाण्यात तुमच्या यादीतला एकही मासा मोठेपणी मावत नाही. सकर फूटभराच्या वर जातो. गोल्डफिशला आपल्यापेक्षा गार पाणी लागतं आणि तो घाणही खूप करतो. एंजल पंखांसकट सात-आठ इंच उंच होतो, त्याला बारा इंच खोली पुरत नाही. आणि त्याचे पंख कुरतडतायत ते टायगर बार्बच, औषधाने ते थांबणार नाहीत. टायगर बार्ब आठ-दहाच्या कळपात असले की एकमेकांशीच भांडत राहतात. चारच असले की लांब पंखांवर तुटून पडतात.

‘गॅलनला (साधारण पावणेचार लिटरला) एक इंच मासा’ हा हिशेब तुम्हाला कोणीतरी देईलच. माझं मत, तो सोडून द्या. मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला साधारण आठपट होतो, आणि घाण वजनाच्या हिशेबाने होते. सहा इंचांचा एक मासा म्हणजे एक इंचाचे सहा मासे नव्हेत.

तुमच्या जागी मी असतो तर शार्क आणि गोल्डफिश याच आठवड्यात परत दिले असते, लहान आहेत तोवर दुकानदार बदलून देतात. मग बार्ब किंवा एंजल यातले एक, आणि खरं तर दोन्ही. सकर सगळ्यात शेवटी. नंतर पंधरा दिवस टाकी तशीच चालू ठेवायची, फिल्टर बंद करायचा नाही, चिमूटभर खाणं टाकत राहायचं म्हणजे फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जीवाणू टिकतात. त्यानंतर हनी गौरामीची एक जोडी आणि आठ हार्लेक्विन रासबोरा, तेही दोन टप्प्यांत. हनी गौरामी आपल्याच देशाच्या ईशान्येकडचा, दोन इंचांचा, शांत स्वभावाचा. मुलांना रंग हवे असतील तर आठ नर गप्पी. मादी एकही घेऊ नका. दुकानातली मादी बहुतेक गाभणी असते, महिन्या-महिन्याला पिल्लं देते आणि नर नसला तरी पुढचे काही महिने देत राहते. निऑन मी आता मुंबईत ठेवत नाही, मे महिन्यात घरातलं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की ते टिकत नाहीत. हे माझ्या घरापुरतं, कोणाकडे एसी असेल तर वेगळं.

अजून एक, विषय सोडून आहे पण लिहितो. सोसायटीची टाकी साफ करतात त्या दिवशी पाणी बदलू नका. ब्लिचिंग पावडर जास्त पडलेली असते आणि नेहमीच्या मापाचं अँटी-क्लोरीन पुरत नाही. आमच्याकडे नोटीस लागते ती लिफ्टच्या आत, आणि आम्ही पहिल्या मजल्यावर. त्यात सहा गौरामी एका दुपारी गेले. तेव्हापासून दोन बादल्या पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवतो.

एंजलला औषध नको. आजच त्याला प्लास्टिकच्या टबात वेगळं करा, एअर पंपाची नळी सोडा, रोज पाव भाग पाणी बदला. पंखांच्या कडा पांढऱ्या, कापसासारख्या दिसत नसतील तर दोन-तीन आठवड्यांत पंख परत येतात. दिसत असतील तर फोटो टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.