चाकाच्या चारपैकी एक व्हील स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला आहे. महिनाभर तीन नटांवर गाडी चालवली तर चालेल का?

मेकॅनिकपर्यंत, हळूहळू, शहरातल्या शहरात. त्यापुढे नाही. महिनाभर तर नाहीच, आणि तुम्ही लिहिलंय तसं दर रविवारी उज्जैनला तर मुळीच नाही.

टायरवाल्याने नट फिरवणारी गन लावली आणि नटासकट स्टड तुटून हातात आला, असं तुम्ही म्हणता. तो त्या दिवशी खराब झाला असं समजू नका. बहुतेक तो आधीच कुणीतरी ताणून ठेवलेला असणार. मी हे ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात या गोष्टीवरून बरीच वर्षं वाद चालू आहे.

माझे बाबा इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. 1991 मध्ये मिल बंद पडली, पण नट आधी बोटांनी फिरवून सरळ बसल्याशिवाय पाना लावायचा नाही, ही शिस्त त्यांनी आम्हा भावंडांकडून सायकलीवरसुद्धा पाळून घेतली. एकदा ओंकारेश्वरहून परतताना बडवाहच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं. गाडी भावजींची, म्हणून स्टेपनी त्यांनीच चढवली. नट आवळताना ते पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले, वर उड्या मारल्या. बाबा म्हणाले, "जावईबापू, उभे राहू नका, स्टड ताणला जाईल." भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मिलची मशीन नाहीये बाबा. पुढे भेरूघाट आहे, ढिलं राहण्यापेक्षा घट्ट बरं." जावयापुढे कोण बोलणार? बाबा गप्प बसले. मला ते आजही बोचतं. पुढे इंदुरात त्याच चाकाचे नट सोडवताना एक स्टड तुटला, दुसऱ्याचे आटे गेले. भावजींचं म्हणणं, कंपनीनेच हलका माल घातलाय. अजूनही तेच म्हणतात.

आता हिशेब बघा. छोट्या गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरला (टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, मोजायचं एकक) आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. 30 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर 80 किलोचा माणूस नुसता उभा राहिला, तरी 235 होतात. उड्या मारल्या तर विचारूच नका. तोच पाना टोकाशी धरून हाताने साधारण 34 किलोचा जोर दिला की 100 झाले. एवढंच लागतं.

तुम्ही विचारलंय, चार बारीक स्टड गाडीचा भार पेलतात कसे. तसा तो त्यांच्यावर लटकलेला नसतोच. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि स्प्रिंगसारखा मागे येऊ बघतो. त्या ओढीने रिम हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या भागाच्या, तोंडावर दाबून बसते. भार, ब्रेक, इंजिनचा जोर, सगळं रिम आणि हबमधलं घर्षण झेलतं. नट ढिला असेल तर रिम सरकते, प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. जास्त आवळला तर तो कायमचा लांबतो, मग पुरेसा दाबतही नाही आणि तुटायलाही टेकलेला असतो. म्हणून "घट्ट तेवढं बरं" हे साफ चूक आहे. बाबांनी रस्त्याच्या कडेला सांगितलेलं शब्दन् शब्द बरोबर होतं.

तुमच्या चाकात एक दाबणारा गेला, म्हणजे त्याच्या शेजारच्या दोघांवर ताण वाढला. त्यामुळे एक नवा टाकून थांबू नका, त्या चाकाचे चारही बदला. स्टड फार महाग नसतो. जुना हातोडीने मागे ठोकून काढतात, नवा मागून घालून नटाने ओढून घेतात, त्याच्या अंगावरचे दाते हबमध्ये रुततात. चाक चढवण्याआधी हबच्या तोंडावरचा गंज घासायला सांगा, नाहीतर थोड्या किलोमीटरनंतर नट आपोआप ढिले वाटतील. नट समोरासमोरचे आवळायचे, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर, आणि तोही टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. गन फक्त नट पळवण्यापुरती. दुकानदार हसला तर हसू द्या. 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या.

एक राहिलं. आट्यांना तेल लावू नका. त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. अलॉय (मिश्रधातूच्या) रिम असतील तर नटाची बैठक रिमच्या खाचेशी जुळते का ते बघा, काही शंकूसारख्या असतात, काही गोल. आणि गाडी स्कोडा किंवा फोक्सवॅगन असेल तर स्टड नसतातच, बोल्ट थेट हबमध्ये जातो. तेव्हा तुटलेला तुकडा हबमधून काढावा लागतो आणि आतले आटे खराब झाले असतील तर हबचाच खर्च येतो. कुठली गाडी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.