जुनी केबिन, नवी चॅसिस

प्रश्न: 1951 च्या शेवरोले 3100 पिकअपची केबिन मॉडर्न हेवी-ड्युटी चॅसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसवायचीय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी कटर बाजूला ठेवा! 3100 चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) 116 इंच, नवी चॅसिस बहुतेक त्याहून लांब आणि रुंद असते, म्हणून पुढच्या चाकाचं सेंटर मडगार्डच्या कमानीत बरोबर आणा आणि मगच केबिनची जागा ठरवा, नाहीतर चाकं बाहेर आलेली गाडी कायम बेढबच दिसते. केबिन थेट फ्रेमला वेल्ड करू नका हो, रबर माउंट घाला, फ्रेम पिळते तेव्हा जुना पत्रा तडकतो. वायरिंग, पेडल, स्टिअरिंग सगळं नव्या गाडीचंच घ्या, जुनं वायरिंग 6 व्होल्टचं आहे. आणि वेल्डिंगआधी बॅटरी काढा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.