कारखान्याचं जुनं ऊसबिल सॉफ्टवेअर एकदम नव्याने लिहावं का?

कोल्हापूरकडचा साखर कारखाना, व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मधली ऊसबिलं आणि चार जणांची टीम, असं विचारलंय. सगळं एकदम लिहायला घेऊ नका. जुन्यासमोर छोटा एपीआय थर (नव्या-जुन्या प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करणारा मधला भाग) ठेवा आणि एकेक भाग हलवा. आधी फक्त वाचायचं काम, म्हणजे सभासदाचा खातेउतारा. वजनकाटा सगळ्यात शेवटी, आणि तोही गळीत हंगाम संपल्यावरच.

बिलं एक-दोन पंधरवडे दोन्हीकडे काढून पैशापैशाने ताडून बघा. इथंच घोळ होतो: व्हीबी ६ चं 'राउंड' २.५ चे २ करतं, नवं जावात लिहीत असाल तर जावाचं ३ करतं. त्यामुळं जावात बिगडेसिमल (दशांश रक्कम अचूक ठेवणारा प्रकार) वापरून हाफ-इव्हन (बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम अंकाकडे) ठेवा. रकमेला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नकोच.

खरी डोकेदुखी नावांची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. नुसते कोड बदलले तर 'शिवाजी'चा चुराडा होतो. रफाराचाही असाच घोळ, फक्त क्रम उलटा. रूपांतरानंतर गटवार याद्या छापून शेती विभागाच्या क्लार्ककडून तपासून घ्या. त्यांना नावं तोंडपाठ असतात. सभासद क्रमांक मात्र जुनेच ठेवा.